उतारावरची पंगत

हैदराबादच्या सुलतान बाजारातल्या तिसऱ्या साडीच्या दुकानातून बाहेर पडेपर्यंत भामाकाकूंच्या भाचीचं लग्न चांगलंच पुढे सरकलं होतं. मुळात काकूंना भाची नाहीच. पण आबिड्सच्या पहिल्या दुकानात तिचं लग्न जमलं, बँक स्ट्रीटला नवरामुलगा अमेरिकेत नोकरीला लागला, आणि आता प्रणिताने विक्रेत्याला तोंड वर करून सांगितलं होतं, "हरा रंग नक्को भैया, लडकेवालों को चलता नईं."

"अगं, किती खोटं बोलशील?" रस्त्यावर येताच काकू म्हणाल्या. "आता त्या पोरीचं नाव तरी ठेव. संध्याकाळी देवापाशी माफी मागताना कुणाच्या लग्नाची मागायची, ते कळायला नको?"

"रेणू ठेवा," प्रणिता म्हणाली. "आणि गुडघा काय म्हणाला ते आधी सांगा."

"पहिल्या दोन पायऱ्यांना हुं. तिसरीला आई गं. गादीवरून उठताना श्रीराम."

"श्रीराम?" प्रणिताने पर्समधली टेप काढली आणि ती आल्या पावली परत दुकानात शिरली. गादीची उंची मोजून, 'अब क्या हुआ मॅडम' असं कुणी विचारायच्या आत ती बाहेरही आली.

सकाळपासून दोघी चालत होत्या त्या याचसाठी. साड्यांची दुकानं बघायची, पण साड्या बघायच्या नाहीत. कुठे चढावं लागतं, कुठे वाकावं लागतं, बसलेल्या बाईला उठताना काय धरावं लागतं, ते बघायचं. आणि मोजायचं यंत्र म्हणजे भामाकाकूंचा उजवा गुडघा. डावा मुका होता. दुखायचा, पण धड सांगायचा नाही. उजवा मात्र पायरी जरा उंच झाली की लगेच बोलायचा. 'हुं' म्हणजे पायरी पास. 'आई गं' म्हणजे काठावर पास. 'श्रीराम' म्हणजे नापास. नापासाला देवाचं नाव लावणं काकूंना पटत नव्हतं, पण ते तोंडातून आपसूक निघायचं, त्याला त्या तरी काय करणार!

एक गोष्ट काकूंनी प्रणिताला अजून सांगितली नव्हती. त्यांच्या मुलाने, तेजसने, डॉक्टर गाठून त्यांचे गुडघे बदलायचं ठरवून टाकलं होतं. संक्रांत झाली की ऑपरेशन, दोन्ही एकदम. आबिड्सपासून काकू हे सांगायला तोंड उघडत होत्या आणि दर वेळी मध्ये एखादी पायरी येत होती.

प्रणिता बोधनकर तिथून जवळच्याच गौलीगुड्यात वाढली, काकूंच्या समोरच्या घरात. काकू मराठी शाळेत शिकवायच्या आणि हिला घातलं इंग्रजी शाळेत, त्यामुळे समोर राहूनही ती त्यांच्या हाती लागली नाही. मराठी वाचताना अजूनही जोडाक्षरापाशी थबकते. बोलते मात्र भरभरून. अर्धं मराठी, पाव दखनी, उरलेलं त्या वेळी जे सापडेल ते. महाराष्ट्र मंडळाच्या वार्षिक अंकात काकू दर वर्षी ओळखीच्या एका माणसावर चार पानं लिहितात. यंदा पाळी प्रणिताची आहे, आणि जोडाक्षरं लावत लावत ती शेवटापर्यंत काही पोचणार नाही, या भरवशावर काकूंनी सगळं खरं लिहायचं ठरवलं आहे.

तर खरं सांगायचं म्हणजे, या पोरीला पहिल्यापासून आहे त्या जागेशी खेळ करायची खोड. बोधनकरांच्या दोनच खोल्या. थोरल्या प्रमोदचं लग्न झालं तेव्हा प्रणिता शाळेत होती. तिने दोन कपाटं पाठीला पाठ लावून मधोमध उभी केली आणि एका खोलीच्या दोन केल्या. सगळ्यांनी कौतुक केलं. कपाटांच्या वरून आवाज जातो, हे काही कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. ते दुसऱ्या दिवशी सकाळी नव्या सुनेने, सासूबाई आदल्या रात्री तिच्या माहेरच्या आहेराबद्दल काय काय बोलल्या, ते शब्दाला शब्द म्हणून दाखवून लक्षात आणून दिलं. मग प्रणिताने कपाटांवरच्या फटीत गोधड्या कोंबल्या. तिचं हे पहिलं बांधकाम. अजून उभं आहे.

पुढे ती आर्किटेक्ट झाली आणि हायटेक सिटीतल्या एका मोठ्या ऑफिसात लागली. तिथे काचेच्या उंचच उंच इमारतींचे नकाशे निघायचे आणि त्या सगळ्या इमारतींमधली स्वच्छतागृहं हिच्या वाट्याला यायची. काही वर्षं तिने दुसरं काही काढलंच नाही. "काकू, अर्ध्या हैदराबादला बसायला जागा मी दिलीय," ती म्हणायची, आणि काकू पदर तोंडाला लावून "शिव शिव" म्हणायच्या. एक दिवस कंटाळून तिने नोकरी सोडली. स्वतःच्या नावाची पाटी लावली. पाटीकडे बघून लोक आले ते ओट्याखाली कप्पे करून घ्यायला. अख्खी इमारत म्हणून पहिल्यांदा हाताशी आली ती ही, जवाहिर टॉकीज. तीही अजून हातात आलेली नव्हती.

अफझलगंजात मुकुंदराव देगलूरकरांचं साड्यांचं जुनं दुकान आहे. जागा पुरेना, म्हणून त्यांनी गौलीगुड्याच्या अंगाला असलेलं, कित्येक वर्षं बंद पडलेलं हे थेटर घेतलं. मुलाचं, हर्षवर्धनचं, म्हणणं एकच, पाडून टाकू आणि काचेची इमारत चढवू. मुकुंदरावांचं मन घेत नव्हतं. लग्न ठरल्यावर सावित्रीबाईंना, म्हणजे बायकोला, त्यांनी चोरून सिनेमा दाखवला होता तो इथेच; पण मुलाला हे कारण कसं सांगणार? म्हणून ते प्रणिताला म्हणाले, "न पाडता काय होतं ते दाखव पोरी. पटलं तर काम तुझं. नाही पटलं तर हा पाडून मोकळा होईल."

प्रणिताने दाखवलं ते एकाहून एक. तिकिटाच्या खिडक्यांत फॉल-पिको. घेतलेली साडी तिथल्या तिथे आत सरकवायची. मध्यंतरातल्या चहाच्या जागी कंटाळलेल्या नवऱ्यांसाठी बाकडी. प्रोजेक्टरच्या खोलीत मुकुंदरावांची बैठक, म्हणजे ज्या चौकोनी भोकातून पडद्यावर उजेड पडायचा त्यातून सगळ्या दुकानावर नजर. आणि बायकांसाठी झकपक स्वच्छतागृह. सुलतान बाजारात बाई खरेदी अर्धवट टाकून घरी का पळते, हे प्रणिताहून चांगलं कुणाला ठाऊक असणार? मुकुंदराव मान डोलवत होते. अडलं ते एकाच जागी. थेटरची जमीन उतरती. दारातून पडद्याकडे सरळ घसरण. भर घालून सपाट करायची तर पडद्यापाशी माणूसभर भर लागणार. "त्यापेक्षा पाडलेलं बरं," हर्षवर्धन म्हणाला. प्रणिता म्हणाली, उतार राहू द्या, मी त्याच्या रुंद, बसक्या पायऱ्या करते, पायऱ्यांवर गाद्या घालू. त्यावर मुकुंदरावांनी कानावर हात ठेवले.

"गिऱ्हाईक म्हणजे लक्ष्मी. लक्ष्मीनं दुकानात चढून यावं. तू तिला उतरायला लावायलीस!"

आज दुपारी बारा वाजता त्यावर शेवटचा निकाल होता. खऱ्या पायऱ्या बांधून दाखवायला सवड नव्हती, म्हणून काकूंनी राममंदिरात शब्द टाकला आणि उत्सवाच्या पंगतीचे सगळे पाट हातगाडीवरून थेटरात पोचले. आदल्या दिवशी प्रणिताने ते एकावर एक रचून उतारावर पायऱ्या केल्या, वर पांढऱ्या चादरी घातल्या. मध्ये वाट, दोन्हीकडे ओळी, सगळ्यांची तोंडं पडद्याकडे. पडद्याच्या जागी उभं राहून विक्रेता साड्या उलगडणार, बायका सिनेमा बघावा तशा बघणार. किती उंच पायरी सोसते, तेवढं काकूंच्या गुडघ्याने सांगितलं की झालं.

"प्रणिता, मला तुला एक सांगायचंय," गौलीगुड्याच्या वळणावर काकू म्हणाल्या.

"हौ काकू, सांगा ना. पण हा फूटपाथ चढून सांगा, म्हणजे त्याचंही कळेल."

"श्रीराम!" काकू म्हणाल्या, आणि सांगायचं राहिलं.

दोघी थेटरात शिरल्या तेव्हा बारा वाजून गेले होते. आत पाऊल टाकलं आणि प्रणिता दारातच खिळली.

सावित्रीबाई आपल्या भजनी मंडळाला घेऊन आधीच येऊन बसल्या होत्या. मुकुंदरावांनी घरी सांगताना 'बारा वाजता बायकांना घेऊन थेटरात ये' एवढंच सांगितलं होतं. आता बाराची वेळ, राममंदिराचे पाट, त्यावर धुतलेल्या चादरी, मध्ये वाट सोडलेली. यापुढे आणखी आमंत्रण ते काय हवं? पडद्याकडे एकीनेही तोंड केलं नव्हतं. वाटेच्या दोन्ही अंगांना, एकमेकींकडे तोंड करून, पदर खोचून सगळ्याजणी पंगतीला बसल्या होत्या.

खरं तर काकूंच्याही मनात पहिल्यांदा आलं ते, 'पानं अजून मांडली नाहीत वाटतं.' पण त्या बोलल्या नाहीत.

"ये गं पोरी," सावित्रीबाईंनी वरच्या पाटावरून हाक मारली. "हात धुवायला पाणी कुठं ठेवलंस?"

"केळीची पानं हायत का पत्रावळी?" खालून एकीने विचारलं.

हर्षवर्धन भिंतीला टेकून हसू आवरत होता. "मॅडम, वाढा की आता. पब्लिक भुकेली आहे."

"काकू, ह्या उलट्या बसल्या!" प्रणिता कुजबुजली. तिचा चेहरा पार उतरला होता. "पडद्याकडे बघायचं होतं ना. सगळं बैगन झालं, वाट लागली. आता पाडतात हे."

काकूंना काय सुचणार! त्यांनी मनातल्या मनात रामाला हाक घातली आणि समोरच्या गाठोड्याकडे बोट दाखवलं. दाखवायला म्हणून दुकानातून आणलेल्या साड्यांचं ते गाठोडं होतं. "ते वाढ," त्या म्हणाल्या. का म्हणाल्या, ते त्यांना अजून कळलेलं नाही.

प्रणिताने क्षणभर काकूंकडे पाहिलं. मग ओढणी कमरेला बांधली, गाठोडं सोडलं आणि मधल्या वाटेने उतरायला लागली. आधी मीठ-लिंबू वाढावं तसा एकेकीपुढे एकेक ब्लाऊजपीस. मग मागून साड्या. एक इकडे, एक तिकडे.

"हे काय वाढायलीस गं?" सावित्रीबाई म्हणाल्या.

"सुरुवात करा काकी, संकोच नक्को. गरम गरम येतंय मागून."

बायका हसल्या. पण पुढ्यात साडी आली की ती न उलगडणारी बाई अजून जन्मायची आहे. कुणी पदर चाचपला, कुणी काठ बोटांत चुरगाळून पाहिला. आणि मग जे पंगतीत होतं तेच झालं. जिची तिची नजर स्वतःचं पान सोडून समोरच्या पानावर गेली.

"अगं, तिला ती मोरपंखी वाढलीस, मला का ही फिक्कट?"

"त्या कोपऱ्यात ती जांभळी आहे, ती इकडं फिरव."

"ती गं नव्हं, तिच्या खालची! इथून बरोबर दिसायलीय मला."

वरच्या पाटावरच्या सावित्रीबाईंना तर खालच्या साऱ्या ओळींच्या साड्या एका नजरेत दिसत होत्या, आणि त्यांना त्यातल्या सगळ्याच हव्या होत्या. प्रणिता वर-खाली पळत होती. "वाढा, वाढा, इकडे वाढा!" असा एकच गलका झाला. शेवटी हर्षवर्धनलाही दोन साड्या हातात घेऊन वाढपी व्हावं लागलं, कारण त्याच्या मावशीने त्याला नावाने हाक मारून "उभा काय राहिलास ठोंब्या?" असं विचारलं.

बाल्कनीतून मुकुंदरावांचा आवाज आला. ते वर एका मोडक्या खुर्चीवर बसून मघापासून बघत होते. "सावित्री, काय करायलीस तू?"

"जेवायलेय!" सावित्रीबाई वर न बघता म्हणाल्या. त्यांच्या मांडीवर एव्हाना तीन साड्या होत्या.

मुकुंदराव खाली आले. दारापाशी थांबून त्यांनी पंगतीवरून नजर फिरवली. आयुष्य साड्या विकण्यात गेलेलं. सपाट दुकानात बाईला आपल्या पुढ्यातला ढीग दिसतो, तेवढाच. इथे प्रत्येकीला दुसरीचा दिसत होता. त्यांना काही समजावून सांगायची गरज नव्हती. पण मनातली ती एक अढी काही जाईना.

"हे सगळं झ्याक आहे," ते म्हणाले. "पण लक्ष्मी खाली उतरते ती उतरतेच की. काय बाई, तुम्हीच सांगा. तुम्ही देवाधर्माच्या."

काकू तोवर एका उंच पाटावर टेकल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मुकुंदराव, औंढ्या नागनाथाला तुम्ही दर श्रावणात जाता. तिथे गाभाऱ्यात चढून जाता का उतरून?"

औंढ्याचा गाभारा खाली आहे, अरुंद पायऱ्यांनी वाकत उतरावं लागतं, हे त्या बाजूच्या माणसाला का सांगायला हवं?

"तो देव आहे," मुकुंदराव म्हणाले. "इथं गल्ला आहे."

"मग गल्ला खाली ठेवा. गाभाऱ्याच्या जागी. जो उतरेल तो तिथे पोचेलच."

मुकुंदरावांनी पडद्याच्या जागेकडे पाहिलं. मग बायकोकडे. मग मुलाकडे, त्याच्या खांद्यावर दोन्हीकडे साड्या लोंबत होत्या. "हर्षा," ते म्हणाले, "ते पाडापाडीचं राहू दे. आणि जा, इडल्या आण सगळ्यांना. पंगत बसवली आणि उपाशी उठवली, असं व्हायला नको."

प्रणिता मात्र तिथे नव्हतीच. ती टेप घेऊन दोन ओळींमधली वाट मोजत सुटली होती, आणि इडल्या येईपर्यंत एकीलाही जागेवरून हलू देत नव्हती. "तशाच बसा काकी, तशाच. तोंडं समोरासमोर. हौ, असंच बांधायचं मी."

इडल्या खाऊन झाल्यावर काकूंना वर चढायला लावलं. पहिल्या पायरीला हुं. दुसरीला हुं. तिसरीला, पाट एक जास्त होता तिथे, त्या "श्रीराम" म्हणून थांबल्या. गुडघ्याची ही भाषा प्रणिताने समजावून सांगितल्यावर मुकुंदराव खो खो हसले.

"माझ्या दुकानात श्रीराम ऐकू येता कामा नये!" ते म्हणाले, आणि लगेच जीभ चावून त्यांनी दोन्ही कानांच्या पाळ्या धरल्या. "म्हणजे, यावा. रोज यावा. पण पायरीवरून नको." मग प्रणिताकडे वळून म्हणाले, "ऐक पोरी. काम तुझं. पण पायऱ्या बांधून झाल्या की पुढच्या दसऱ्याला बाईंनी इथून तिथवर उतरायचं आणि चढायचं. सगळीकडे हुं निघालं तरच मी पूजा घालतो. नाहीतर ती पायरी फोडायची."

"मंजूर," प्रणिता म्हणाली. काकूंना मात्र संक्रांत आठवली.

पाट परत करायचे होते. हातगाडी पुढे, दोघी मागे. प्रणिता चालत कुठली होती, तरंगत होती. मध्येच थांबून ती पाट पडत नाहीत ना ते बघायची आणि मध्येच काकूंचा हात दाबायची.

"पाट पंगतीला म्हणूनच मागितले होते ना आपण?" काकू म्हणाल्या. "पुजारी विचारतील, पंगत कशी झाली."

"सांगा, छान झाली. पहिलं खरं बोलणं होईल तुमचं आजचं."

राममंदिराचा कळस दिसला तसे काकूंनी हात जोडले. आता मात्र सांगायलाच हवं होतं. देवळाच्या दारात लपवाछपवी बरी नव्हे. त्या थांबल्या. "प्रणिता, माझे गुडघे बदलायचेत गं. तेजसने ठरवलंय. संक्रांत झाली की. दोन्ही एकदम."

प्रणिता जागच्या जागी उभी राहिली. हातगाडी पुढे गेली.

"दोन्ही?"

"दोन्ही. डॉक्टर म्हणाले, एका खर्चात, एका दुखण्यात काम होतं. नवे घातले की देवळाची पायरी धावत चढाल म्हणाले."

"धावत?" प्रणिताने कपाळाला हात लावला. "मग दसऱ्याला हुं कोण म्हणणार? नवा गुडघा काय, शिडीलाही हुं म्हणेल!"

"मी काय करू गं त्याला," काकू म्हणाल्या. त्यांना हसूही येत होतं आणि वाईटही वाटत होतं. "देवळात वर जाऊन दर्शन घेऊन किती दिवस झाले, ठाऊक आहे? पायरीपाशीच हात जोडते मी."

हे ऐकून प्रणिताने काकूंच्या गुडघ्यांकडे पाहिलं, आधी डाव्याकडे, मग उजव्याकडे, मघाशी थेटरकडे पाहत होती तशा नजरेने. मग देवळाच्या पायऱ्या पाहिल्या. मग काकूंच्या जवळ येऊन, हात धरून, अगदी हळू आवाजात म्हणाली,

"काकू, मी डॉक्टरांना भेटते, तेजसला मी समजावते. डावा बदला. नव्या डाव्याच्या आणि माझ्या जोरावर तुम्हाला वर नेते मी, रोज संध्याकाळी, दर्शनाला. पण सगळंच नका ना पाडू. दसऱ्यापर्यंत उजवा जुनाच राहू द्या."